नवतप्यात स्टीम डेक कसा सांभाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्याच्या एका भावाकडे एलसीडी स्क्रीनवाला स्टीम डेक आहे, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल, काकाने अमेरिकेतून आणून दिलेला. दीड-दोन वर्षं मस्त चालला, आणि आता मे महिन्यात वीस मिनिटं खेळलं की गेम अडकायला लागतो, फॅन मिक्सरसारखा बोंबलून राहतो, परवा तर सरळ बंदच पडला. त्याने व्हिडिओ बघून थर्मल पेस्ट (चिपची गरमी बाहेर जावी म्हणून तिच्यावर लावायचा लेप) आणि मागून लावायचा एक क्लिपवाला कूलर कार्टमधे टाकून ठेवलाय आणि विचारतोय की आधी काय मागवू.

भाऊ, दोन्ही राहू दे कार्टमधेच. मी नागपुरात चौदा वर्षांपासून लॅपटॉप आणि कन्सोल उघडून राहिलो, आणि एप्रिल ते जून माझ्या टेबलावर "तापतो" म्हणून जे येतं त्यातल्या बऱ्याच जणांना मी स्क्रू न काढताच परत पाठवतो. लोकांना वाटतं मी गिऱ्हाईक टाळतोय. तसं नाही, क्रम चुकलेला असतो. सगळे आधी पेस्ट म्हणतात, मग धूळ म्हणतात, आणि खोली किती तापलीय आणि मशीनला आपण किती वॉट पाजतोय हे कोणी बघतच नाही. मी बरोबर उलटं सांगतो.

आधी खोली. डेकमधला फॅन हवा थंड करत नाही हे डोक्यात पक्कं बसव. तो खोलीतली हवा मागच्या जाळीतून आत ओढतो, तांब्याच्या हीट पाइपने आणलेली गरमी धातूच्या पातळ पात्यांवरून त्या हवेला देतो आणि वरच्या फटीतून बाहेर फेकतो, बस एवढंच. म्हणजे आत येणारी हवाच ४२ ची असेल तर चिप ४२ च्या वरच राहणार, कितीही पेस्ट लाव. २०२२ च्या जुलैमधे युरोपात उष्णतेची लाट आली होती तेव्हा व्हॉल्व्हने स्वतःच सांगितलं होतं की डेक ० ते ३५ डिग्रीच्या हवेत नीट चालतो, आतली चिप १०० डिग्रीला पोचली की ती स्वतःचा वेग कमी करते, आणि १०५ ला मशीन बंद होतं. निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलचंही तसंच, त्यांनी ५ ते ३५ लिहिलंय. आता तू सांग, अकोल्यात मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत ३५ कधी असतात? ज्या लोकांनी ३५ लिहिलं त्यांना नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, माहीत नाही राजेहो.

हिशोब साधा आहे. समज २५ डिग्रीच्या खोलीत पूर्ण दमात चिप ८० ला जाऊन थांबते, म्हणजे खोलीच्या ५५ वर. तेवढ्याच कामात खोली ४२ झाली की चिप ९७ ला. म्हणजे थोडी धूळ असली, किंवा तू लोडाला टेकून जाळी अर्धी झाकली, की झाले १०० आणि गेम अडकला. तुझ्या मशीनमधे काही बिघडलेलंच नसेल कदाचित. डिसेंबरमधे हेच मशीन गुपचूप चालत होतं ना?

मग खोलीचं काय करायचं. एसी असेल तर विषयच संपला. पण आपल्याकडचा कूलरही इथे भारी काम करतो, कारण विदर्भातली हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते आणि चांगल्या गवताच्या ताट्या असलेला कूलर ४२ च्या हवेला आरामात तिशीच्या आसपास आणतो. तेवढे दहा-बारा डिग्री कुठल्याही पेस्टने मिळणार नाहीत तुला. फक्त कूलरच्या तोंडासमोर बसू नको, सहा-सात फूट लांब आणि बाजूला बस. जवळ बसलं की बारीक फवारा उडतो, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार पात्यांवर पांढरा थर धरून बसतो, असे दोन डेक मी खरवडून साफ केलेत. खिडकी थोडी उघडी ठेव नाहीतर खोली दमट होते आणि कूलरचा उपयोगच राहत नाही. मुंबई-कोकणवाल्यांनी हे करू नका, तुमच्याकडे हवाच ओली, कूलर काही थंड करणार नाही, तुम्ही साधा टेबल फॅन लावा. आणि हो, संध्याकाळी उशिरा खेळ किंवा पहाटे. दुपारी दोनला जड गेम लावणारच नाही एवढं ठरवलं तरी अर्धं काम झालं.

आता वॉट. हा भाग नीट वाच कारण इथेच खरा फायदा आहे आणि पैसा एक लागत नाही. एलसीडी डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची. जड गेममधे ती दीड-दोन तासात रिकामी होते, म्हणजे मशीन साधारण २० ते २७ वॉट खातं, आणि जे खातं ते सगळंच्या सगळं शेवटी गरमीच होतं, दुसरीकडे जाणार कुठे. माझ्या टेबलावरचा साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा आहे. तेवढी गरमी तू दोन हातात धरून बसलायस.

त्यातली मोठी वाटेकरी चिप, जी ४ ते १५ वॉट घेते, आणि तिला लगाम घालायचं बटण तुझ्या हाताखालीच आहे. उजवीकडे तीन ठिपक्यांचं बटण दाब, बॅटरीच्या चिन्हावर जा, तिथे परफॉर्मन्समधे टीडीपी लिमिट आहे, म्हणजे चिपने जास्तीत जास्त किती वॉट घ्यायचे ती मर्यादा. ते चालू कर आणि १५ वरून १० ला आण. तुला वाटेल एक तृतीयांश वीज कापली म्हणजे एक तृतीयांश फ्रेम (दर सेकंदाला स्क्रीनवर येणारी चित्रं) गेले. तसं होत नाही. चिपला शेवटचा थोडासा वेग काढायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे शेवटचे ते चार-पाच वॉट सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी कामाचे असतात. वरच्या हिशोबात, फॅनचा वेग तोच धरला तर, १० वॉटला चिप खोलीच्या ३७ वर राहील, म्हणजे ४२ च्या खोलीतही ७९-८० ला. प्रत्यक्षात फॅन हळू होतो म्हणून आकडा थोडा जास्त दिसेल, पण शंभराच्या आसपासही जाणार नाही आणि मिक्सरचा आवाजही जाईल.

दुसरं म्हणजे फ्रेम ४० ला बांध. ४० का, ३० का नाही? ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदाचा, ३० ला ३३.३ चा, आणि ४० ला २५ चा, म्हणजे बरोबर मधोमध. हाताला ४० हे ३० पेक्षा खूपच जास्त ६० सारखं वाटतं, आणि चिपला दर सेकंदाला वीस फ्रेम कमी काढावे लागतात. त्याच मेनूत फ्रेमची मर्यादा ४० ला ठेवली की स्क्रीनही त्याच मेळात चालते. गेमच्या आतल्या सेटिंगमधे सावल्या आणि रिफ्लेक्शन एक पायरी खाली, सात इंची स्क्रीनवर कोणाला दिसतात ते. हे सगळं "पर-गेम प्रोफाइल" चालू करून ठेव म्हणजे जड गेमला वेगळं आणि स्टारड्यू व्हॅलीसारख्या हलक्याला वेगळं राहतं, त्या असल्या गेमला तर ५ वॉटही पुरतात.

ब्राइटनेस कमी करा, वायफाय बंद करा वगैरे सल्ले मिळतील, त्याने बॅटरी थोडी वाचते, गरमीत फारसा फरक नाही.

मग हवेचा रस्ता. डेकची हवा मागून आत येते आणि वरून बाहेर जाते. आता तू खेळतोस कसा ते आठव. बहुतेक पोरं गादीवर उताणी पडून डेक पोटावर टेकवतात, मागची जाळी टीशर्टने बंद. किंवा पालथे पडून उशीवर ठेवतात. बंद तर होतेच, वर गादीचा आणि गोधडीचा कापूस आत जातो, आणि धुळीपेक्षा तो कापूस वाईट, कारण पात्यांच्या तोंडावर त्याचा नमदा बनतो. पोटावर ठेवायचाच असेल तर खाली पाटी नाहीतर जाडसर वही धर आणि जाळी मोकळी ठेव. मागून चढवलेले जाड सिलिकॉनचे कव्हर उन्हाळ्यात काढून टाक, विशेषतः ज्यांना जाळीपाशी नुसती बारीक भोकं पाडलेली असतात. स्विच डॉकमधे लावून टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवणाऱ्यांनाही हेच, त्याची गरम हवा वरून निघते आणि कप्प्यात तीच फिरत राहते, मग स्क्रीनवर मेसेज येतो की कन्सोल तापलाय म्हणून स्लीपमधे गेला, आणि लोक कन्सोलला शिव्या देतात.

चार्जिंग लावून खेळणं. याच्यावर लोक भांडतात. माझं मत असं की बॅटरी भरत असताना जड गेम खेळू नये, कारण तेव्हा चिपची गरमी आणि बॅटरी भरण्याची गरमी एकाच डबीत जमा होते. बॅटरी भरून झाली की मग चार्जर लावलेला असला तरी मशीन चार्जरच्याच विजेवर चालतं, तेव्हा तेवढी काळजी नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर असताना चार्ज करू नये, आणि आपल्या दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याखालच्या टेबलावर ठेवलेलं मशीन न खेळताच तिथे पोचतं. डेकच्या सिस्टीमच्या, म्हणजे स्टीमओएसच्या, नवीन आवृत्तीत चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आली आहे, घरीच खेळत असशील तर ती लावून ठेव. मागचं झाकण फुगल्यासारखं वाटलं, स्क्रीन एका कोपऱ्यातून उचललेली दिसली, टेबलावर ठेवल्यावर मशीन डुगडुगलं तर खेळणं आणि चार्जिंग दोन्ही त्याच क्षणी बंद. ती फुगलेली बॅटरी आहे, तिला दाबून बसवायला जाऊ नको आणि टोचू तर अजिबात नको.

एक गल्लत इथेच सांगतो. तुझा डेक बंद पडला तेव्हा बॅटरी किती होती? २५-३० टक्के दाखवत असताना एकदम गचकन बंद, आणि चार्जर लावला की लगेच चालू होऊन नीट चालतो, असं असेल तर ते बहुतेक तापल्यामुळे नाही, बॅटरी थकल्यामुळे आहे. तापून बंद पडणारं मशीन आधी अडकतं, फॅन किंचाळतो, आणि मग जातं.

आता एवढं करूनही तापत असेल तर दुखणं कुठे आहे ते हाताने कळतं. त्याच परफॉर्मन्स मेनूत ओव्हरले चालू करून चिपचं तापमान स्क्रीनवर आण, एकाच गेममधे एकाच जागी उभा राहून वीस मिनिटं चालू ठेव. फॅन जोरात फिरायला लागला की वरच्या फटीवर तळहात धर. हवा भरपूर आणि चांगली गरम येतेय आणि चिप ८०-९० च्या आत? मशीन तंदुरुस्त आहे, ते आपलं काम करून राहिलं. मागचं कव्हर गरम लागतं म्हणून घाबरणारे लोक येतात, गरम लागायलाच पाहिजे, गरमी बाहेर येतेय ना. हवा गरम आहे पण पातळ, मरतुकडी, फॅनचा आवाज मात्र मोठा? पात्या तुंबल्यात. आणि हवा भरपूर येतेय पण कोमट, वर चिप मात्र ९८-१०० दाखवते? मग गरमी चिपपासून पाइपपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे पेस्ट सुकली किंवा हीटसिंक (चिपवर बसणारा, गरमी ओढून घेणारा धातूचा भाग) नीट दाबलेला नाही. पेस्ट मागवायची ती फक्त या तिसऱ्या केसमधे. दीड-दोन वर्षांच्या मशीनची कंपनीची पेस्ट मला तरी क्वचितच संपलेली सापडते, आणि जिथे सापडते तिथे बहुतेक वेळा आधीच कोणीतरी उघडून बोटाने चोपडलेली असते.

तुंबलेलं असेल तर कृपा करून पंक्चरवाल्याकडे नेऊन कंप्रेसरची हवा मारू नकोस. हसू नको, दर उन्हाळ्यात एक तरी येतोच. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि फॅन त्याच्या मर्यादेबाहेर भन्नाट फिरून बेअरिंग जातं, मग आयुष्यभर घरघर. मशीन बंद करून जाळीवर मऊ कोरडा ब्रश पंधरा दिवसांनी एकदा, एवढं बाहेरून पुरतं.

उघडायचंच असेल तर काही गोष्टी. बहुतेकांचा डेक बाहेरून आणलेला, म्हणजे वॉरंटी तशीही कामाची नाही, पण हात सवयीचा नसेल तर माहितगाराकडे दे. स्वतः करणार असशील तर सगळ्यात आधी मेमरी कार्ड बाहेर काढ. मी माझा पहिला डेक उघडला तेव्हा विसरलो आणि गिऱ्हाइकाचं ५१२ जीबीचं कार्ड कटकन दोन तुकडे, नवीन घेऊन दिलं खिशातून. बॅटरी पाव चार्जच्या खाली आण, मशीन स्लीपमधे नाही, पूर्ण बंद कर. मागे आठ स्क्रू, चार लांब चार आखूड, वेगवेगळे ठेव. एलसीडी मॉडेलमधे ते सरळ प्लास्टिकमधे बसतात, म्हणून परत लावताना आधी उलटं फिरवून "टक" झालं की मग सुलटं, नाहीतर आटे झिजतात. ओलेड स्क्रीनच्या मॉडेलमधे धातूचे आटे आहेत, ती भानगड नाही. आत धातूचं कवच दिसेल, त्याचा एक स्क्रू फॉइलच्या चिकटपट्टीखाली लपलेला आहे, तो न काढता ओढाताण करू नको. कवच निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. मग फॅनचं पातं बोटाने धरून ब्रशने साफ कर, पात्यांच्या तोंडावरचा नमदा चिमट्याने अख्खा निघतो, आणि तो निघताना जे समाधान मिळतं ते वेगळंच.

पेस्ट बदलत असशील तर जुनी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून काढ, डेटॉल किंवा सॅनिटायझर नाही, ९९ टक्केवालं आयपीए इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. उघड्या चिपवर पेस्ट पूर्ण पसरवायची पातळ, आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. मी आताशा पेस्टऐवजी फेज चेंज पॅड वापरतो, तो ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होऊन चिपवर बसतो आणि पेस्टसारखा बाजूला सरकत नाही, आपल्या उन्हाळ्याला बरा. लिक्विड मेटलच्या नादी लागू नकोस. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, वीज वाहून नेतं, आणि हातात हलणाऱ्या मशीनमधे एक थेंब इकडेतिकडे झाला की बोर्ड गेला. स्विच उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवा की त्यात कवच आणि हीट पाइपच्या मधे गुलाबी जाड पुट्टी असते, तिथे साधी पेस्ट लावली तर फट भरत नाही, पुट्टीच लागते.

आता तुझा तो क्लिपवाला कूलर. दोन प्रकार येतात. नुसता छोटा फॅनवाला असेल तर निरुपद्रवी, पण मागच्या जाळीवरच तो चिकटवला तर मशीनचीच हवा अडते. दुसरा पेल्टियरवाला, एका बाजूने बर्फासारखा थंड, तो मोबाईलच्या सपाट पाठीवर ठीक आहे. डेकची चिप त्या प्लास्टिकच्या पाठीला चिकटलेली नाही, मधे हवेची पोकळी, त्यामुळे तू प्लास्टिक थंड करत बसशील. आणि पावसाळ्यात तोच थंड भाग दमट हवेतलं पाणी आपल्यावर ओढून घेतो, थेंब जाळीतून आत. हेच फ्रिजचं. हो, फ्रिजमधे दहा मिनिटं ठेवलेला स्विच माझ्याकडे आलाय, बाहेर काढल्यावर आतल्या थंड बोर्डवर पाणी धरलं आणि कनेक्टर हिरवे पडले. तापलंय तर गेम बंद कर, पंख्याखाली टेबलावर ठेव, पंधरा मिनिटात निवतं.

विंडोजवाले हँडहेल्ड असतील त्यांच्यासाठी एकच वेगळी गोष्ट, ते स्लीपमधे टाकून बॅगेत ठेवू नका. विंडोज अपडेटसाठी किंवा कशासाठीही मधेच जागं होतं, आणि बंद केसमधे तासभर भाजत राहतं. हायबरनेट करा नाहीतर सरळ शटडाउन. त्यांच्या टर्बो मोडचंही तेच, असूसच्या पहिल्या रॉग ॲलीमधे बॅटरीवर १० वॉटचा सायलेंट, १५ चा परफॉर्मन्स आणि २५ चा टर्बो आहे, उन्हाळ्यात टर्बोला हातच लावायचा नाही. त्याच पहिल्या ॲलीमधे गरमीने मेमरी कार्डचा रीडर बिघडू शकतो हे असूसने २०२३ मधे स्वतः मान्य केलं आणि फॅनचा वेग वाढवणारं अपडेट दिलं, तेव्हा ते अपडेट टाकलेलं आहे का बघा. मियू मिनीसारखे जुने गेम खेळायचे छोटे रेट्रोवाले तर फॅनशिवायच चालतात, त्यांना फक्त उन्हात आणि बंद गाडीत ठेवू नका.

तर भाऊ, आज रात्री नऊनंतर कूलर लावून, १० वॉट, ४० फ्रेम, डेक पोटावरून उचलून हातात, वीस मिनिटं चालव. मग तीन गोष्टी इथे लिही: खोलीचं तापमान, चिपचं तापमान, आणि वरच्या फटीतली हवा कशी लागली. शंभराच्या जवळ असेल आणि हवा कोमट असेल तर पेस्ट मागव, कशी लावायची ते तेव्हा फोटो पाहून सांगतो.